तीन पाण्यांनी धुतलेलं दिल

"मामा, कालचं दिलही मेलेलंच निघालं," अत्तार मॅडम म्हणाल्या.

मी स्कूटर उभी करून, दोन गुडघ्यांमध्ये धरून आणलेलं निळं भांडं त्यांच्या हातात देत होतो. त्यांचं बोलणं ऐकून मला हसूच आलं.

"मॅडम, बोकड कापल्याशिवाय दिल मिळतं व्हय? मेलेलंच असणार की ते."

"तसं नाही हो. बोकड मेला तरी दिलातल्या पेशी लगेच मरत नाहीत. चांगल्या सांभाळल्या तर काही तास जगतात. मला त्या जिवंत पाहिजेत. आणि अकरा दिवस झाले, तुम्ही आणताय त्यातल्या सगळ्या मेलेल्या."

"सगळ्या?"

"शंभरातल्या अठ्ठ्याण्णव."

त्या हसल्या नाहीत. डोळ्यांखाली काळं आलं होतं. भांडं छातीशी धरून त्या पायऱ्या चढून आत गेल्या आणि मी तिथेच उभा राहिलो. सकाळचे साडेआठ वाजले होते.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं. सुतारवाडीत माझं, म्हणजे सिदराम घोणेचं, मटणाचं दुकान होतं, आणि दुकानापासून दीड मैलावर टेकडीच्या पायथ्याला ही संशोधनाची संस्था. तिथली माणसं रविवारी मटण न्यायला यायची. निलोफर अत्तार मॅडम पहिल्यांदा आल्या त्या मात्र मंगळवारी, दुपारी, दुकान रिकामं असताना.

"मला दिल पाहिजे. रोज एक."

आमच्या धंद्यात हृदयाला दिल म्हणतात. मी म्हणालो, "देतो की. पण रोज दिल खाऊन कंटाळा येईल मॅडम. मधूनमधून कलेजी न्या."

"खायला नाही मामा. बघायला."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. बोकड कापल्या कापल्या दिल काढायचं, उभं चिरून दोन फाकी करायच्या, आणि त्या देतील त्या भांड्यातल्या औषधी पाण्यात टाकून, बर्फात ठेवून, अर्ध्या तासात संस्थेत पोचवायचं. त्या अजून काहीतरी सांगणार होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या साहेबांचा, हर्डीकर सरांचा. त्या घाईने निघाल्या. जाताना भांड्यावर चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाकीचं यावर सगळं लिहिलंय. मराठीतच आहे. जमेल ना?"

"जमेल की," मी म्हणालो. "वाचतो निवांत."

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. भांडं देऊन परत यायचं एवढंच माझं काम, पण माझा पाय तिथून निघत नसे. चाळीस वर्षं मी दिलं कापत आलो होतो. बोकडाची, मेंढ्यांची, हजारोंनी. कापून, तराजूत टाकून, कागदात बांधून द्यायची. ते बघायला एवढी शिकलेली बाई रात्रीचा दिवस करते, म्हणजे त्यात मला न दिसलेलं काहीतरी असलं पाहिजे. ते काय, हे मला कळायला हवं होतं.

एक दिवस मी विचारलंच. "मॅडम, एवढं काय बघता त्यात?"

त्या बाकावर बसून डबा खात होत्या. म्हणाल्या, "मामा, तुमच्या घरी सुना किती?"

"तीन."

"रश्शात मीठ जास्त झालं तर तुम्हाला कळतं ना?"

"जिभेला कळणारच."

"पण कुणी टाकलं ते?"

"ते कसं कळणार? तिघीही म्हणणार मी नाही टाकलं."

"आतापर्यंत दिलाचं तेच होतं. दिलाचा तुकडा घ्यायचा, वाटायचा, आणि त्या वाटणात काय बिघडलंय ते तपासायचं. बिघडलंय हे कळायचं. कुणी बिघडवलं ते नाही. कारण दिल म्हणजे एकाच जातीच्या पेशी नव्हेत. आखडणाऱ्या वेगळ्या, धागे विणणाऱ्या वेगळ्या, रक्तवाहिनीच्या वेगळ्या. आता एक यंत्र आलंय. त्यात एकेक पेशी सुटी करून, एकेका थेंबात बसवून, तिला एकटीला विचारता येतं, की बाई, तू आत्ता काय काय करत होतीस?"

"म्हणजे एकेका सुनेला खोलीत घेऊन, दार लावून विचारायचं."

त्या डबा बाजूला ठेवून हसल्या. "मामा, हे मी माझ्या पुढच्या भाषणात सांगणार."

"आणि पेशी खरं सांगते?"

"खोटं बोलता येत नाही तिला. पण त्यासाठी ती जिवंत पाहिजे. मेलेल्या सुनेला काय विचारणार?"

मग त्यांनी मला खरी अडचण सांगितली. बोकडाची दिलं ही नुसती तालीम होती. पुढच्या शनिवारी शहरातल्या एका हृदयाच्या दवाखान्यात एका बाईचं ऑपरेशन होणार होतं. तिच्या दिलाची भिंत आतून जाड होत चालली होती, इतकी की रक्ताला वाट उरली नव्हती. डॉक्टर ती जादा जाडी कापून काढणार होते. काढलेला तुकडा एरवी टाकूनच देतात. तो, हरभऱ्याएवढा, संस्थेला मिळणार होता. त्या बाईने स्वतः सही करून परवानगी दिली होती. पण हर्डीकर सरांची अट होती. शुक्रवारपर्यंत बोकडाच्या दिलातल्या पेशी जिवंत सुट्या करून दाखवा, तरच तुकडा निलोफरला. नाहीतर मुंबईच्या दुसऱ्या लॅबला. तिथे तो जुन्या पद्धतीने वाटला जाणार.

"भिंत जाड होते म्हणजे किती?" मी विचारलं.

त्यांनी आपल्या बोटांनी दाखवलं. दोन बोटं.

माझा थोरला भाऊ भिवा एकतिसाव्या वर्षी गेला होता. धडधाकट गडी. सोललेला अख्खा बोकड खांद्यावर घेऊन हुकाला टांगायला हात वर केला आणि तसाच खाली कोसळला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टराने चिरून पाहिलं आणि आमच्या वडिलांना अशीच दोन बोटं दाखवली होती. वडिलांना ते पटलं नाही. शेवटपर्यंत ते म्हणत राहिले, पोराला कुणाची तरी नजर लागली. मला मात्र त्या दोन बोटांचं कोडं चाळीस वर्षं सुटलं नव्हतं. दिल हे माझ्या रोजच्या हाताखालचं. त्याची भिंत केवढी असते मला ठाऊक. मग भिवाची का वाढली? कशाने?

"मॅडम, ह्याच रोगानं माझा भाऊ गेला," मी म्हणालो.

त्यांनी लगेच विचारलं, "भावाला मुलं आहेत?"

"एक मुलगा. बेचाळीसचा."

"त्याला उद्याच्या उद्या छातीची सोनोग्राफी करायला सांगा. हा रोग घरात उतरतो."

तपासणी झाली. पोराचं दिल ठीक होतं. पण त्या दिवसापासून मी ते भांडं नेताना रस्त्यातला प्रत्येक खड्डा चुकवू लागलो.

तरी पेशी मरतच राहिल्या. मॅडमनी औषधं बदलली. औषधं विकणाऱ्या कंपनीशी फोनवर भांडल्या. बर्फ बदलला. हाताखालच्या पोरींना एकेकीला बोलावून विचारलं, की तू काय केलंस, हात कसा धरलास, किती वेळ ढवळलंस. पोरी रडकुंडीला आल्या. मी भांडं देताना एकीला म्हणालो, "मॅडम आज तापल्यात वाटतं." ती म्हणाली, "मामा, तुम्ही तेवढे वाचलात. आम्हा सगळ्यांचा पंचनामा झालाय."

मंगळवारी, म्हणजे शुक्रवारला तीन दिवस उरले असताना, मी म्हणालो, "मॅडम, मला दाखवता का? त्या मेलेल्या कशा दिसतात?"

त्यांना काय वाटलं कोण जाणे. म्हणाल्या, "या. चपला बाहेर काढा आणि हात मागे बांधा. कशाला लावायचा नाही."

सूक्ष्मदर्शकाच्या नळ्यांना डोळे लावले. आधी नुसता उजेड दिसला, मग माझ्याच पापण्या. मॅडमनी काहीतरी फिरवलं आणि एकदम दिसलं. गोल गोल. फुगलेले, फिकट फुगे. काही फुटून त्यांची फोलं तरंगत होती.

"ह्या तुमच्या आजच्या," त्या म्हणाल्या. "आणि अशा दिसायला पाहिजेत." त्यांनी एक छापलेलं चित्र पुढे धरलं. त्यात लांबट, चौकोनी कडांच्या विटा होत्या आणि प्रत्येक विटेवर आडवे, बारीक, एकसारखे पट्टे.

"मग ह्या एवढ्या फुगल्या कशानं?"

"तेच तर कळत नाही. अशा फुगतात त्या गोड्या पाण्यानं. पेशीच्या आत खारट पाणी असतं आणि बाहेरही तेवढंच खारट लागतं. म्हणून तर तुम्हाला ते औषधी पाणी देते. बाहेर साधं पाणी आलं की ते आत शिरतं. हरभरा भिजत घातल्यावर कसा टम्म होतो, तशा. आणि मग फुटतात. पण माझ्याकडे साधं पाणी येणार कुठून? सगळं शंभरदा तपासलंय."

माझे डोळे त्या नळ्यांनाच होते, ते बरं झालं. कारण माझं तोंड कसं झालं असेल ते त्यांना दिसलं नाही.

आमच्या वडिलांची शिकवण होती की गिऱ्हाइकाच्या हातात रक्ताळलेली वस्तू द्यायची नाही. कलेजी असो, दिल असो, चिरायचं, आतली गोठलेली गुठळी अंगठ्याने काढायची, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. तीन पाणी. साध्या गिऱ्हाइकाला आम्ही दोन पाण्यांवर भागवत असू, पण ह्या तर पांढऱ्या कोटातल्या बाई. त्यांच्यासाठी मी नळाचं पाणीही वापरत नव्हतो. पिण्याच्या पाण्याचा जार घेत होतो. तीन पाण्यांनी धुऊन, चोळून, पिळून, मग त्या भांड्यात. पहिल्या दिवशी भांडं उघडून मॅडम म्हणाल्यासुद्धा होत्या, "किती स्वच्छ आणता हो मामा!" त्या शाबासकीवर दुसऱ्या दिवशी मी चौथं पाणी केलं होतं.

मी नळ्यांवरून डोळे काढले. "येतो मॅडम," म्हणालो, आणि आलो.

घरी जेवण गेलं नाही. सांगायला काय हरकत होती? चूक झाली, माफ करा, एवढंच. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्या विचारणार, भांड्यावर लिहिलं होतं ना, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते मी आजवर बायकोशिवाय कुणाला दिलं नव्हतं. मग मनात आलं, बोलायचं कशाला? धुवायचं नाही, झालं. पेशी जगतील, मॅडम खूश, कुणाला काही कळायचं नाही.

बुधवारी पहाटे दिल काढलं, दोन फाकी केल्या, आणि हात आपोआप जारकडे गेला. ओढून मागे घेतला. गुठळ्या तशाच ठेवून भांड्यात टाकलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, असलं घाणेरडं काम बाईंच्या हातात देताना.

"आज रक्त फार आहे मामा," त्या म्हणाल्या.

"घाई झाली."

दुपारी एक वाजता फोन आला. मॅडम इतक्या भरभर बोलत होत्या की मला एवढंच कळलं, या. दुकान थोरल्या सुनेवर टाकून गेलो. त्यांनी दंडाला धरून मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

विटा होत्या. पट्टेदार, लखलखीत, चित्रातल्यासारख्या. आणि एक वीट, एकटीच, कुणाला चिकटलेली नाही, मधूनच आखडत होती. आखडायची, सैल व्हायची. थांबायची. पुन्हा आखडायची.

मी चाळीस वर्षांत हजारो दिलं थांबताना पाहिली होती. हातात, गरम असताना, शेवटचे दोन-चार ठोके मारून थांबणारी. पण तो ठोका एवढ्या बारक्या कणात असतो, आणि तो कण एकटाच पडला तरी आपलं काम सोडत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. किती वेळ पाहत होतो आठवत नाही. मॅडम मागे उभ्या राहून म्हणत होत्या, "दिसलं ना? दिसलं ना मामा?"

तेवढ्यात हर्डीकर सर आले. उंच, वाळलेले, मान पुढे काढून चालणारे. त्यांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सरळ होऊन विचारलं, "छान. काय बदललंस?"

"काहीच नाही सर. कालचंच सगळं."

"मग आज कशा जगल्या?"

मॅडम वहीची पानं मागेपुढे उलटू लागल्या.

"निलोफर, आज का जगल्या हे माहीत नसेल, तर शनिवारी मेल्या तर का मेल्या हेही माहीत नसणार. बोकड रोज मिळतील. त्या बाईची छाती दुसऱ्यांदा कुणी उघडणार नाही. नशिबाच्या भरवशावर मी तो तुकडा कसा देऊ?" ते रागावलेले नव्हते. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "मुंबईला जाऊ दे. वाटून का होईना, काहीतरी हाताला लागेल."

मॅडमनी मान खाली घातली. मी दाराशी रिकामं भांडं घेऊन उभा होतो. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या लॅबमध्ये त्यांनी सगळ्यांना एकेकटं विचारलं होतं, एक मी सोडून. निघून गेलो असतो तर कुणी हाक मारली नसती.

"सर," मी म्हणालो, "बदललं ते मी."

दोघांनीही वळून पाहिलं.

"आज मी दिल धुतलं नाही. आधी रोज धुवायचो. तीन पाणी."

मॅडमना क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाल्या, "पण मामा, भांड्यावर पहिलीच ओळ ती आहे. पाण्याने धुवू नये. मी ठळक अक्षरात टाकली होती. तुम्ही वाचतो म्हणालात."

"मला वाचता येत नाही."

हे चार शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर खोलीतल्या यंत्रांची घरघर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. माझ्या दुकानाची पाटी रंगवून झाली तेव्हा रंगाऱ्याने विचारलं होतं, बरोबर आहे ना शेठ? आणि मी दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून, ‘झकास’ म्हणालो होतो. असं अठ्ठावन्न वर्षं निभावलं होतं.

मला वाटलं आता सर ओरडतील. त्यांनी खिशातून वही काढली.

"पाणी कुठलं?"

"जारचं. पिण्याचं. तुमच्यासाठी मुद्दाम."

"म्हणजे क्षार जवळजवळ नाहीतच. नळाच्याहून वाईट." त्यांनी लिहिलं. "किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं. चोळून, पिळून."

"पिळून!" असं म्हणून त्यांनी मॅडमकडे पाहिलं आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्या डोळ्यांत पोरासारखी मजा चमकली. "निलोफर, ह्यात जी जगली असेल त्या पेशीचा सत्कार करायला पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "घोणे, उद्या एक दिल दोन भांड्यांत आणायचं. एक फाक धुतलेली, रोजच्यासारखी, अगदी तशीच. दुसरी न धुतलेली, आजच्यासारखी. नंतर दोन्ही भांड्यांतलं औषधी पाणी बदलून टाका, म्हणजे रक्तावरून ओळखू येणार नाही. कुठली कुठली ते फक्त तुम्हाला माहीत. हिला सांगायचं नाही. चेहऱ्यावरसुद्धा दाखवायचं नाही."

"खूण काय करू?"

"तुम्हाला जमेल ती."

गुरुवारी मी धुतलेल्या भांड्याच्या कडीला काळा दोरा बांधला आणि दुसऱ्याला पांढरा. मॅडम मोजत होत्या आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. चेहऱ्यावर दाखवायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून. दोन तासांनी त्या बाहेर आल्या, सर त्यांच्या मागे.

"काळ्या दोऱ्यात शंभरात तीन जिवंत," त्या म्हणाल्या. "पांढऱ्यात एकाहत्तर. मामा, काळा कुठला?"

"धुतलेला."

सर म्हणाले, "तुकडा तुझा." आणि जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून गेले.

शनिवारी तुकडा आला. मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. त्या बाईच्या पेशी सरळ विटांसारख्या नव्हत्या. कुठे वाकड्या, कुठे फाटे फुटलेल्या. पण जिवंत होत्या. मी बघत असताना माझ्या मनात भिवाचा वर उचललेला हात होता. पुढे वर्षभराने मी विचारलं, "मग, मीठ कुठल्या सुनेनं टाकलं?" त्या म्हणाल्या, "एकीनं नाही मामा. आखडणाऱ्या बिघडल्या हे माहीत होतं. पण शेजारच्या धागे विणणाऱ्याही गरज नसताना विणत बसल्या होत्या. एकीचं बघून दुसरी. अजून विचारतोय." मला ते पुरलं. नजर कुणाची लागलेली नव्हती. घरातल्या घरातच काहीतरी बिनसलं होतं.

माझ्या न वाचण्याबद्दल मॅडम पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या शनिवारनंतरच्या सोमवारी नवं भांडं दिलं. त्यावर कागद नव्हता, चित्रं होती. पाण्याचा नळ आणि त्यावर तांबडी फुली. चांगल्या मनाने काढलेली. पण ती फुली रोज माझ्या गुडघ्यांमध्ये असायची आणि सिग्नलला शेजारचा माणूस तिच्याकडे बघायचा. पंधरा दिवसांनी मी आमच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बोडसबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "बाई, अर्धा किलो खिमा देत जाईन. मला शिकवाल?" त्या म्हणाल्या, "मी शाकाहारी आहे, सिदराम. बस, पाटी घे."

दीड वर्ष लागलं. अक्षरं यायची, पण एकमेकांना धरून उभी राहायची नाहीत. मग राहू लागली.

मॅडम दुसऱ्या शहरात मोठ्या जागेवर निघाल्या तेव्हा मी सामान बांधायला गेलो होतो. कपाटाच्या तळाशी ते पहिलं निळं भांडं निघालं. कागद पिवळा पडला होता, एक कोपरा सुटला होता, पण अक्षरं शाबूत होती. मॅडम आतल्या खोलीत पुस्तकं भरत होत्या. मी खाली बसलो, भांडं दोन गुडघ्यांमध्ये धरलं आणि बोट ठेवून वाचू लागलो.

पाण्याने धुवू नये. पिळू नये. थेट या द्रावणात बुडवावे. भांडे बर्फात ठेवावे.

खाली पाचवी ओळ होती. ती छापलेली नव्हती, पेनाने, घाईघाईत लिहिलेली होती. हाताचं अक्षर मला अजून जड जायचं. दोनदा वाचली तेव्हा लागली.

‘मामा, काही समजलं नाही तर विचारा. मी हसणार नाही.’